गणपतींत मोजलेली गाडी

मुलाने इथे भिलाईत जुनी जर्मन गाडी घेतली, त्याला आता वर्ष होत आलं. परवा तिच्या दुरुस्तीचा आकडा मोबाईलवर आला आणि तो सोफ्यावर डोक्याला हात लावून बसला. सून म्हणाली, "मी आधीच सांगत होते." मी स्वयंपाकघरात वाल सोलत होते, तिथूनच तोंडातून गेलं, "किती गणपती होतात रे?" दोघंही माझ्याकडे बघत राहिली. आईचं वय झालं, असं त्यांना वाटलं असेल. मीही पुढे काही बोलले नाही. बोलायचं तर पेणपासून सुरुवात करावी लागली असती, आणि मुलाला कामावर जायचं होतं. शिवाय मला काळजी असते, की एकदा बोलायला लागले की थांबायचं कुठे ते मला कळत नाही. म्हणून ते इथे लिहून ठेवते. माझं शिक्षण सातवी पास, आठवी अर्धी. चुकलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

आमचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे लांबट कौलारू पडवी, तीन बाजूंनी लाकडी मांडण्या, आणि मांडण्यांवर छतापर्यंत गणपती. घर त्याच्याच मागे, मधे एक दार. त्या दारातून दिवसभर शाडूचा ओला वास आत यायचा आणि आईच्या चुलीचा धूर बाहेर जायचा. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा बोलायचे कमी आणि गुणगुणायचे जास्त. साच्यातून मूर्ती सोडवताना, सोंडेवरून ओला हात फिरवताना त्यांचं नाकातल्या नाकात काहीतरी चालू असे. मात्र आखणी सुरू झाली की सगळं बंद. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते शेवटचं काम. त्या वेळी रंगाचा कॉम्प्रेसर बंद व्हायचा, रेडिओ बंद व्हायचा, घरात आई मसाला कुटत असली तर तिचा हातही थांबायचा. डोळ्याची वरची रेघ एका श्वासात काढावी लागते. श्वास मधे तुटला तर रेघेला गाठ येते आणि देव रागावलेला दिसतो. हे काम आमच्याकडे विठूकाका करायचे. ते तपकिरीची चिमूट ओढून घ्यायचे, शिंकून मोकळे व्हायचे आणि मगच ब्रश उचलायचे.

शाडूची मूर्ती भाजलेली नसते, नुसती वाळलेली. तिची बोटं म्हणजे बिस्किटं. पेणहून रोह्याला आमच्या पुष्कळ मूर्ती जायच्या, आणि त्या रस्त्याला खड्डे सोडून दुसरं काही नव्हतं. टेम्पोत पेंढा घालून, मूर्तीला मूर्ती न टेकवता भरलं तरी रोह्याला पोचेपर्यंत कुणाचं बोट, कुणाचा कान, कुणाचा मोदक गेलेलाच असायचा. दादा ओल्या मातीचा गोळा आणि रंगाच्या वाट्या घेऊन मागोमाग एस.टी.ने जायचे आणि गिऱ्हाइकाच्या ओटीवर बसून बोटं लावून द्यायचे. त्यांना त्याची फार लाज वाटे. घरी येऊन जेवताना म्हणायचे, "लोकांच्या पाया पडायच्या देवाला मी पट्टी बांधून आलो."

गिरगावातले एक शेठ दर वर्षी स्वतःच्या गाडीने मूर्ती न्यायला यायचे. लांब नाकाची, सायीच्या रंगाची जर्मन गाडी, नाकावर चांदणी. शेठ मागे बसून मूर्ती मांडीवर घ्यायचे. इतक्या वर्षांत त्यांच्या गणपतीचं नखसुद्धा हललं नव्हतं. दादांनी ते मनात धरून ठेवलं होतं. शेठ वारले, मुलांनी गाडी काढायची ठरवली, आणि त्यांच्या ड्रायव्हरने दादांना तशी खबर दिली. पुढे काय व्यवहार झाला, तो घरात कुणी मला सांगितला नाही. मला एवढंच दिसलं, की गोठ्यातली म्हैस गेली आणि गोठ्यात गाडी आली.

आळीत तिला सगळे 'जर्मनी' म्हणायचे. आईने मात्र ते नाव कधी घेतलं नाही. पहिल्या दिवशी ओवाळायला म्हणून ताट घेऊन आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "सवत आनलीत ती आनलीत, नाकात नथ घालून आनलीत." दादा म्हणाले, "बसून तरी बघ गो. लोण्यासारखी चालते." आई म्हणाली, "मी नाय बसायची. लोनी होतं ते गेलं म्हशीसंगं."

पण चालायची ती खरंच लोण्यासारखी. दादांनी मागची गादी काढून तिथे हातभर पेंढा अंथरला, त्यावर गोणपाट. मूर्ती मधे आणि मी त्यांच्यामधे. सगळ्या देवांची तोंडं फडक्याने झाकलेली. मी दोन्ही हात पसरून जमतील तेवढ्यांना धरून बसायची. खड्डा आला की दादा पुढून ओरडायचे, "बोटं," आणि मी श्वास धरायची. गाडी नुसती पाळण्यासारखी झुलायची. डिझेलचा घरघराट, पेंढ्याचा वास, फडक्याखाली मिटून बसलेले देव. त्या वर्षी रोह्यात एकही बोट लावावं लागलं नाही. परत येताना दादा सबंध वाट गुणगुणत होते. माझ्या आयुष्यात तेवढं सुख कशात होतं, हे मी कधी कधी इथल्या दुपारी शोधत बसते.

गणपती संपले आणि गाडीने तोंड उघडलं. आधी सायलेन्सर, मग पुढचे स्प्रिंग, मग ज्याचं नाव मला आजही नीट घेता येत नाही असा डिझेलचा पंप. पेणमधले उस्मानमिस्त्री बॉनेटमधे डोकं घालून बराच वेळ आतच राहायचे आणि बाहेर आले की एकच बोलायचे, "कुर्ल्याला मिळंल." कुर्ल्याला मिळायचंही. पण ते कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचं असायचं, ते बसवायला तिसऱ्या गाडीचं काहीतरी कापायला लागायचं. दादांना रुपयांत हिशेब सांगायची सवयच नव्हती. विचारलं की म्हणायचे, "सायलेन्सर ना? दीड फुटी चार." म्हणजे दीड फुटाचे चार गणपती. पंपाला तर एक सबंध मांडणी गेली. आई चुलीपाशी बसून ऐकायची आणि म्हणायची, "देव घडवायचे नि हिला चारायचे." आमच्या ताटातही ते दिसायचं. चहा म्हशीबरोबरच कोरा झाला होता. मग बांगडा गेला आणि सुकट आली. मग वालाच्या बिरड्यात खोबरं दिसेना. त्या दिवसांत आई बिरडं करायची ते नुसतं पाण्यावर आणि चिंचेच्या आंबटावर, पण मोड आलेल्या पेणच्या वालाची जी गोडी त्याला होती ती इथे कितीही नारळ घातला तरी येत नाही. इथल्या पाण्यात वालाला मोडच धड येत नाहीत. सून म्हणते, डब्यातलं आणू का. मी बरं म्हणते.

विठूकाका दुसऱ्या कारखान्यात गेले ते त्याच हिवाळ्यात. त्यांना दोन पैसे जास्त हवे होते आणि ते रास्तच होते, पण दादांकडे ते नव्हते. ते गाडीच्या पोटात होते. आखणीला माणूस नाही. मी लहानपणापासून तुटक्या मूर्तींवर डोळे काढत बसायची, ते दादांनी पाहिलेलं होतं. म्हणाले, "सुमे, एवढा सीझन हात दे. मग जा शाळेत." मी आठवीत होते. मी बसले. श्वास धरायची सवय मला गाडीत लागलेलीच होती. पहिल्या दिवशी मी डोळे काढलेली मूर्ती दादांनी उजेडाकडे धरून बघितली, मांडणीवर ठेवली आणि पुढची माझ्यासमोर आणून ठेवली. शाबासकी म्हणायची तर ती एवढीच. मला ती अजून पुरते.

तो सीझन गेला. मग दुसऱ्या सीझनची माती आली. आईने एके दिवशी दादांचं ताट वाढलं आणि ते त्यांच्यासमोर न ठेवता स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. "पोरीच्या बरोबरच्या नववीत गेल्या. ही सवत तरी ठेवा नायतर पोरीची शाळा. दोनी पोटं नाय भरायची." दादा म्हणाले, "जेवाय दे गो." आई म्हणाली, "आधी बोला." त्याच आठवड्यात उस्मानमिस्त्रींनी इंजिन खोलायला लागेल असं सांगितलं होतं. दादा म्हणाले, "रोह्याचा बाळाशेठ लग्नाला गाड्या देतो. बघतो त्याला दाखवून." मग आईने ताट पुढे सारलं.

विकायची तर नटवायला हवी. गाडीची दारं खालून गंजून जाळी झाली होती. दादांना जे येत होतं ते त्यांनी केलं: काथ्या पसरून वर प्लास्टर भरलं, मूर्तीच्या पाटाला भरतात तसं, पॉलिशपेपरने घासून आरशासारखं केलं. यात कुणाला फसवतोय असं आम्हाला वाटलंच नाही. मूर्तीला तडा गेला तर तो भरायचा असतो. भरून ती पुन्हा सबंध झाली की ती सबंधच असते. आमच्या धंद्यात सबंध म्हणतात ते हेच. सायीचा रंग मात्र काही जमेना. शेवटी देहरंगात, म्हणजे गणपतीच्या अंगाला लावतात त्या गुलाबट रंगात, पांढरा आणि चिमूटभर पिवळा घालून मी तो जवळपास आणला. आणि दोन्ही बाजूंनी, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, मी निळी बारीक रेघ ओढली. एका श्वासात पुरणार नव्हती, म्हणून दादा माझ्याबरोबर चालत होते आणि जिथे दाराची फट येई तिथे म्हणत होते, "आता घे श्वास." आईसुद्धा दारात येऊन उभी राहिली. तिने मसाला कुटणं थांबवलं होतं.

रोह्याला आम्ही तिघंही गेलो. आई पहिल्यांदा गाडीत बसली ती अशी, विकायला नेताना. पुढे बसायला तयार होईना, म्हणून माझ्याबरोबर मागे पेंढ्यावर. सुरुवातीला अंग चोरून बसली होती. वडखळ गेल्यावर म्हणाली, "झुलतंय काय गो." नागोठण्याशी मी बघितलं तर डोळे मिटून बसली होती. रोह्यात पोचल्यावर ती आधी बाजारात गेली. इंजिन गरम आहे तोवर थोडं थांबू, असं दादाच म्हणाले होते. परत आली तेव्हा तिच्या पिशवीत शाळेच्या स्कर्टाचं निळं कापड होतं. मला दाखवलं, अंगाला लावून बघितलं. "वाढत्या मापाचं घेतलंय," म्हणाली. "दहावीपर्यंत जाईल."

बाळाशेठ धिप्पाड माणूस, पांढरे कपडे, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्याची दोन-तीन माणसं आजूबाजूला. त्याने इंजिन ऐकलं, मान हलवली. ते त्याला चालण्यासारखं होतं. मग दाराशी वाकला आणि बोटाच्या पेराने टकटक केलं. वर टण्ण, खाली ढब. पुन्हा वर टण्ण, खाली ढब. त्याने एका किल्लीचं टोक माझ्या रेघेवर टेकवलं आणि ओढलं. पांढरी भुकटी त्याच्या चपलेवर पडली, मागून काथ्याचा एक धागा लोंबला.

"मूर्तिकार," तो म्हणाला, "ही गाडी हाय का गनपती?"

माणसं हसली. एक जण म्हणाला, "शेठ, पावसात न्यायची नाय हिला. इसर्जन व्हईल."

दादाही हसले. ते हसणं मला आजही नीट आठवू नये असं वाटतं. म्हणाले, "तडे भरलेत शेठ. मजबूत हाय."

"मजबूत ते बगितलं. वजनावर घेतो, भंगाराच्या भावानं. तुम्हाला न्यायचा त्रास नको." मग त्याने माझ्या रेघेवरून अंगठा घासला. "नि ह्या वेलबुट्टीचा काय तो रंग? ही कुनी केली?"

दादा म्हणाले, "पोरीनं."

"पुसाय लागंल. लग्नाची गाडी हाय, जत्रेतला पाळना नाय."

दादा खाली बघत होते. मला कळत होतं की ते हो म्हणणार. वजनावर का होईना, शाळेपुरतं येत होतं, आणि त्यांनी आईला शब्द दिला होता. मी आईकडे बघितलं. गेली दोन वर्षं जी बाई उठता-बसता ही गाडी घराबाहेर काढा म्हणत होती, तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अवो," ती दादांना म्हणाली, "चला."

"अगो पन शाळेचं—"

"चला म्हनते ना." मग बाळाशेठकडे वळून, डोक्यावरचा पदर नीट करत, अगदी शांतपणे म्हणाली, "आमच्याकडं वजनावर काय इकत नाय, शेठ. हात बगून इकतात."

आणि दार उघडून ती स्वतःच आत जाऊन पेंढ्यावर बसली.

कोलाड मागे पडलं. खांबच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी थांबली. पाण्याचा रबरी पाइप फाटला होता. दादांनी खांद्यावरचा पंचा त्याला गुंडाळला, पण पंचा विरलेला, पाणी ओतलं की तेवढंच खाली. रस्त्याकडेच्या खळ्यावर एक बाई वाल झोडत होती. आईने तिच्याकडे पाणी मागितलं. ती हंडा घेऊनच आली. मागच्या काचेतून आत डोकावून म्हणाली, "पेंढा कशाला गो? गनपती हायत काय आत?"

"असतात," आई म्हणाली. "आज आमीच."

दोघी हसल्या. तिने ओंजळभर वाल आईच्या पदरात टाकले. आई ते घेऊन गाडीशी आली, दादांच्या हातातला ओला पंचा बघितला, आणि पिशवीतून ते निळं कापड काढलं. नवं, खळीचं, कडक कापड. तिने मला विचारलं नाही. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त. मग काठ दातात धरला आणि फाडलं. खळीचं कापड फाटतं तेव्हा केवढा आवाज होतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. दादा म्हणाले, "अगो, नको." आई म्हणाली, "बांदा आता. पोरगी उन्हात हाय." त्यांनी घट्ट फेरे देऊन बांधलं. पाणी ओतलं. धरलं पाइपाने.

सुकेळीची खिंड गाडी हळूहळू चढली. रस्ता तिथे सगळ्यात वाईट. आईने उरलेलं कापड घडी करून पिशवीत ठेवलं, माझे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि माझी बोटं एकेक मिटून स्वतःच्या तळव्यांत झाकली, पेंढ्यात मूर्तीचा हात झाकावा तशी. "मिटून ठेव गो," ती म्हणाली. "आता हीच हायत." पुढून दादांचं गुणगुणणं ऐकू येत नव्हतं. पेण येईपर्यंत तिने हात सोडले नाहीत.

शाळेचं नाव त्यानंतर आमच्या घरात निघालं नाही. मी लग्न होईपर्यंत डोळे काढत राहिले. लग्न झालं आणि इतक्या लांब आले, तेव्हा हाताला दुसरं काही येत नव्हतं. इथल्या मंडळांच्या मूर्तींचे डोळे काढून मी मुलाच्या फिया भरल्या. तो इंजिनियर झाला. त्या बाळाशेठने जास्त पैसे दिले असते तर मी कोण झाले असते, हा विचार मनात येतो, नाही असं नाही. पण त्या दुपारी माझ्या एका रेघेची किंमत आईने केली होती, आणि तेवढी पुढे कुणीच केली नाही. कुणाचे आभार मानायचे म्हटलं की मला तीच आठवते, दातात काठ धरलेली.

जर्मनी आमच्याकडेच राहिली. इंजिनाला किती मांडण्या गेल्या ते दादांनी सांगितलं नाही, आईने विचारलं नाही. सीझनला ती रोह्याला जायची आणि मूर्ती सांभाळायला आता माझ्याबरोबर आईही असायची. पाइप पुढे बदलला असणार. पण माहेरी गेले की मी बॉनेट उघडायला लावायची, आणि ती निळी चिंधी, तेलाने काळी झालेली, कुठल्या ना कुठल्या नळीला बांधलेली असायचीच. दादांनी ती टाकली नाही. मग एका वर्षी गेले तर गोठ्यात गाडी नव्हती. दादाही नव्हते तेव्हा, आईही नव्हती. मी कुणाला विचारलं नाही.

मुलाने शेवटी दुरुस्तीचे पैसे भरले. रविवारी मला मागे बसवून बाजारात घेऊन गेला. गाडी चांगली आहे, मऊ आहे. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. आरशातून बघून तो म्हणाला, "आई, मुठी का आवळल्यास? भीती वाटते का?" मी नाही म्हणाले. पुढे स्पीडब्रेकर दिसत होता.